मुलांना अडवू नका, गर्दीत उभं राहायला शिकवा

"शनिवारी मेटलच्या गिगला जाऊ का?" असं घरातल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाने किंवा मुलीने विचारलं की बहुतेक घरांत उत्तर आधीच तयार असतं. मंचावर कोणीतरी घसा फाडून ओरडतोय आणि खाली काळ्या टी-शर्टातली पोरं एकमेकांच्या अंगावर धावून जातायत, असा एखादा व्हिडिओ आईबाबांनी कधीतरी पाहिलेला असतो. तेवढ्यावर निकाल लागतो. मग मुलं एक तर मन मारून घरी बसतात, नाहीतर मित्राकडे अभ्यासाला जातो असं सांगून परस्पर जातात. यातली दुसरी गोष्ट जास्त वाईट. कुठे उभं राहायचं, सोबत काय न्यायचं, गर्दी वाढली तर काय करायचं, हे सांगणारं मोठं माणूस मग त्यांच्या बाजूला कोणी उरत नाही.

म्हणून पालकांना आणि जाणाऱ्या मुलांना, दोघांनाही माझं सांगणं आहे: जा, जाऊ द्या, पण गर्दी समजून घेऊन. अशा कार्यक्रमांत धोका नसतो असं कोणी म्हणत नाही. मात्र तो आपल्याला वाटतो तिथे सहसा नसतो आणि जिथे असतो तिथे आपलं लक्षच नसतं.

आधी या संगीताविषयी थोडं. थ्रॅश मेटल, म्हणजे मेटलचा वेगवान प्रकार, जन्मलं ते १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला, अमेरिकेत. ब्रिटिश हेवी मेटल बँडांचं गिटारकाम आणि हार्डकोर पंकचा वेग, या दोन्हींनी झपाटलेल्या विशीच्या आतबाहेरच्या पोरांनी ते घडवलं. लार्स उलरिक आणि जेम्स हेटफिल्ड यांनी १९८१ साली लॉस एंजेलिसमध्ये मेटॅलिका सुरू केला. त्याच वर्षी त्याच परिसरात स्लेयर उभा राहिला आणि तिकडे न्यूयॉर्कमध्ये अँथ्रॅक्स. मेटॅलिकाने १९८३ साली डेव्ह मस्टेनला बाहेर काढलं, त्याने रागाच्या भरात मेगाडेथ काढला. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या छोट्या क्लबांतून एक्झोडस आणि टेस्टामेंट पुढे आले. जर्मनीत क्रिएटर आणि सोडोम, ब्राझीलमध्ये सेपुल्तुरा, असं हे लोण दशक संपायच्या आत पसरलं.

वाजवायला हे संगीत सोपं नाही. उजव्या हाताच्या तळव्याची कड तारांवर टेकवून आवाज दाबायचा आणि त्याच वेळी मनगटाने तारा सपासप छेडायच्या, तेही मिनिटाला दोनशेच्या आसपासच्या ठोक्यांवर. ड्रमरचे दोन्ही पाय बेस ड्रमवर धावत असतात. स्लेयरने १९८६ साली काढलेल्या 'रेन इन ब्लड' या अल्बममध्ये दहा गाणी आहेत आणि सगळी मिळून अर्धा तासही भरत नाही. ते आवडलंच पाहिजे, असा माझा आग्रह नाही. नुसती आदळआपट म्हणून मोडीत मात्र काढू नका. अणुयुद्धाची भीती, युद्धात वापरून फेकून दिलेले सैनिक, व्यसनाने गिळलेलं माणूस, विकली जाणारी न्यायव्यवस्था हे या गाण्यांचे नेहमीचे विषय आहेत. मेटॅलिकाच्या १९८६ सालच्या 'मास्टर ऑफ पपेट्स' या अल्बमचं शीर्षकगीत व्यसनाबद्दलच आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय यादीत हा अल्बम घेतला, तशी घोषणा २०१६ साली झाली.

"हे ऐकून मुलं भडकतात" ही दुसरी तक्रार. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठात लिआ शार्मन आणि जेनेव्हीव्ह डिंगल यांनी २०१५ साली हे तपासून पाहिलं. असं संगीत नेहमी ऐकणारी १८ ते ३४ वयाची ३९ माणसं घेतली. आधी त्यांना राग येईल अशा आठवणी काढायला लावल्या. मग निम्म्यांना आपापलं आवडतं मेटल ऐकू दिलं आणि उरलेल्यांना शांत बसवलं. संगीत ऐकणाऱ्यांचा राग वाढला नाही. तेही शांत बसलेल्यांइतकेच निवळले, वर त्यांना उभारीही वाटली. ३९ माणसांवरून सगळ्या जगाचा निष्कर्ष काढता येत नाही, पण "भडकतात" म्हणणाऱ्यांकडे तर एवढाही पुरावा नसतो.

आता त्या व्हिडिओतल्या हाणामारीकडे येऊ. मंचासमोर, बहुधा मध्यभागी, एक मोकळी जागा तयार होते. तिला पिट म्हणतात. गाण्याचा वेग बदलला, ड्रम जड झाला की तिथली माणसं खांद्याने एकमेकांना ढकलतात, धडकतात, परत येतात. कधी सगळे एका दिशेने गोल धावतात. लांबून पाहणाऱ्याला ही दंगल वाटते. आत गेलेल्याला पाच मिनिटांत कळतं की इथे नियम आहेत आणि ते पाळले जातात. कोणी पडलं की आजूबाजूचे चौघे लगेच थांबतात आणि त्याला बगलेत धरून उभं करतात. मूठ वळायची नाही, कोपर वर न्यायचं नाही. काठावर नुसता बघत उभा असलेल्याला आत ओढायचं नाही. कोणाचा बूट, चष्मा, फोन सापडला तर तो हात उंच करून दाखवायचा. मुद्दाम कोणाला मारायला आलेला माणूस लोकांच्या चटकन लक्षात येतो आणि तेच त्याला बाहेर काढतात. मंचावरून गायकाने गाणं अर्ध्यावर थांबवून "त्याला आधी उठवा" असं सांगणंही या दुनियेत नवलाचं नाही.

कॉर्नेल विद्यापीठातल्या जेसी सिल्व्हरबर्ग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तर पिटचं भौतिकशास्त्रच मांडलं. कॉन्सर्टचे व्हिडिओ घेऊन त्यांनी माणसांचे वेग मोजले आणि २०१३ साली 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये शोधनिबंध छापला. पिटमधल्या माणसांचे वेग बंद डब्यातल्या वायूच्या कणांसारखे विखुरलेले निघाले, आणि गोल धावणाऱ्यांचा भोवरा बहुतेक वेळा घड्याळाच्या उलट दिशेने फिरताना दिसला. वायूच्या कणांसारखे, म्हणजे धडकायला आणि धडकून सुटायला जागा असलेले. पिटमध्ये माणसांच्या मध्ये हवा असते, हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे त्याचं काम पडणार आहे.

एकत्र हलण्याने माणसाचं काय होतं, हेही तपासलं गेलं आहे. ऑक्सफर्डच्या वल्हेकरी खेळाडूंवरच्या, २०१० साली छापून आलेल्या एका प्रयोगात एकट्याने वल्ही मारताना आणि गटाने एका लयीत वल्ही मारताना किती वेदना सहन होतात, हे मोजलं. श्रम तेवढेच, पण एकत्र वल्ही मारल्यावर सहनशक्ती वाढलेली आढळली. मेटलच्या गर्दीत हजारो डोकी एका ठोक्यावर हलतात, तेव्हा अंगात जो जोर संचारतो त्याची एक बाजू ही आहे. आनंद खरा असतो, पण म्हणूनच लागलेलं तेव्हा कळत नाही. मुलांनो, मुरगळलेला घोटा सकाळी टम्म सुजतो. दोन गाण्यांच्या मध्ये बाहेर येऊन पाणी प्या आणि हातपाय एकदा चाचपून बघा. पिटमध्ये खरचटतं, निळं-काळं होतं, कधी नाकावर बसते. हे होणार हे धरूनच आत जायचं, आणि ज्याला नको त्याने जायचं नाही. त्यात कमीपणा काहीच नाही.

जीव जातो तो वेगळ्या जागी. इंग्लंडमधल्या डॉनिंग्टनला १९८८ साली 'मॉन्स्टर्स ऑफ रॉक' महोत्सवात लाखावर माणसं होती. गन्स एन' रोझेस वाजत असताना चिखलाच्या उतारावर पुढची गर्दी कोसळली आणि दोघे दगावले. डेन्मार्कच्या रॉस्किल्ड महोत्सवात २००० साली पर्ल जॅमच्या वेळी मंचासमोर नऊ जण गेले. ह्यूस्टनमध्ये २०२१ साली ट्रॅव्हिस स्कॉटच्या कार्यक्रमात दहा. सिनसिनाटीत १९७९ साली 'द हू'च्या कार्यक्रमाआधी बंद दारांबाहेर अकरा जण मेले, तेव्हा बँड मंचावर आलाही नव्हता. यातला एकही बँड थ्रॅशचा नाही. आपल्याकडे कोचीच्या विद्यापीठात २०२३ साली चार जणांचा जीव गेला तो प्रवेशाच्या पायऱ्यांवर. मुंबईत एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २०१७ साली २३ माणसं गेली, तिथे तर कसलंच संगीत नव्हतं. मांढरदेवीच्या यात्रेतली चेंगराचेंगरी तर महाराष्ट्र विसरलेला नाही.

या सगळ्यांत सारखं काय आहे? दाटी. एका चौरस मीटरमध्ये चार-पाच माणसं असेपर्यंत माणूस स्वतःच्या पायांनी हलतो. तोच आकडा सहा-सातवर गेला की गर्दी एकसंध होते, मागून आलेला धक्का लाटेसारखा पुढे जातो आणि त्यातल्या कोणाच्याच हातात काही उरत नाही. बहुतेक माणसं पायांखाली तुडवली जाऊन नव्हे, तर छाती दाबली जाऊन, उभ्या उभ्या श्वास कोंडून मरतात. पिटमध्ये जी हवा असते ती इथे संपलेली असते. म्हणून घाबरायचंच असेल तर मंचासमोरच्या कठड्याला, अरुंद दाराला, उताराला आणि पायऱ्यांना घाबरा.

व्यवस्था नीट नसली तर काय होतं हेही आपण पाहिलं आहे. मेटॅलिका २०११ साली पहिल्यांदा भारतात आला. २८ ऑक्टोबरचा गुडगावचा कार्यक्रम मंचासमोरचा कठडा तुटल्यामुळे आधी पुढे ढकलला गेला आणि मग रद्दच झाला. चिडलेल्या लोकांनी मंचाची मोडतोड केली, आयोजकांपैकी काहींना अटक झाली. दोनच दिवसांनी, ३० तारखेला, बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर तोच बँड हजारो लोकांसमोर वाजला आणि कार्यक्रम पार पडला. बँड तोच, गाणी तीच. फरक बंदोबस्तात होता.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगतो. आत शिरल्या शिरल्या मंचाकडे धावू नका. आधी बाहेर जाण्याची दोन दारं शोधून ठेवा आणि ज्या दाराने आलात ते सोडून दुसरंही पाहा, कारण अडचणीत सगळे आल्या दाराकडेच पळतात. मित्रांनी चुकामूक झाली तर भेटायची जागा आधीच ठरवा; एवढ्या गर्दीत फोन लागेलच असं नाही. पायात पक्के, बंद बूट हवेत, नाड्या दुहेरी गाठीच्या. पाठीवर सॅक नको, गळ्यात साखळी नको, कानात लोंबतं डूल नको. पहिल्यांदाच जात असाल तर ध्वनिमिश्रणाच्या टेबलाच्या आसपास उभे राहा. आवाज सगळ्यांत नीट तिथेच लागतो, कारण बँडचा साउंड इंजिनिअर तिथेच बसून तो बसवत असतो. पिट दिसतो, मंच दिसतो आणि मागे सरकायला जागाही असते.

गर्दीची दाटी मोजायला यंत्र लागत नाही. दोन्ही हात उचलून स्वतःच्या चेहऱ्याला लावून बघा. सहज लागले तर ठीक. दोन्ही खांद्यांना सतत माणसं टेकत असतील तर मागे सरकायला लागा. हातच वर येत नसतील तर उशीर होत चालला आहे. आवडतं गाणं चालू असलं तरी निघा. लाटेत सापडलात तर उलटं ढकलू नका, ताकद फुकट जाते. दोन्ही हात छातीसमोर, मुष्टियोद्धा धरतो तसे, म्हणजे फासळ्यांना फुलायला चार बोटं जागा राहते. धक्का आला की त्याच्यासोबत जा आणि तो ओसरला की तिरकं तिरकं मागे आणि कडेला सरका. ओरडण्यात श्वास घालवू नका. हातातून पडलेला फोन उचलायला कधीही वाकू नका. पडलातच तर कुशीवर वळा, गुडघे पोटाशी घ्या, डोकं हातांनी झाका. आणि कोणी बेशुद्ध होताना दिसलं तर कठड्यापलीकडच्या सुरक्षारक्षकाकडे हात करून सगळ्यांनी मिळून त्याला पुढे द्या.

आता कानांबद्दल. सगळ्यांत जास्त लोकांचं कायमचं नुकसान इथे होतं आणि याबद्दल सगळ्यांत कमी बोललं जातं. मेटलचा मोठा कार्यक्रम सहज १०० डेसिबलच्या पुढे जातो. ८५ डेसिबल आठ तास चालतो, पण दर तीन डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्मा. या हिशेबाने १०० डेसिबलला उरतात जेमतेम पंधरा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली कार्यक्रमांच्या जागांसाठी घालून दिलेली मर्यादाही पंधरा मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबल इतकीच आहे. घरी आल्यावर कानात शिट्टी वाजत असेल तर कानाने सोसलं त्याहून जास्त झालं, असं समजा. ती शिट्टी काहींची कधीच थांबत नाही. मेटॅलिकाचा ड्रमर लार्स उलरिक याने स्वतःच्या कानातल्या या कायमच्या आवाजाबद्दल जाहीरपणे सांगितलेलं आहे.

उपाय स्वस्त आहे. मेडिकलच्या दुकानात फोमचे इअरप्लग मिळतात. बोटांत दाबून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर ओढायचा, आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचे. कापसाचे बोळे काही कामाचे नाहीत. नेहमी जाणाऱ्याने संगीतासाठीचे खास प्लग घ्यावेत. त्यांत सूर बदलत नाही, फक्त आवाज खाली येतो. स्पीकरच्या तोंडाशी उभं राहणं ही मर्दुमकी समजू नका. आणि आईबाबा, हीच प्लगची डबी विसर्जन मिरवणुकीतही बाहेर काढा. तिथला आवाज कानाला वेगळा लागत नाही.

मानेचंही ऐका. हेडबँगिंग म्हणजे तालावर डोकं खालीवर किंवा गोल फिरवणं. ऑस्ट्रेलियातल्या डेक्लन पॅटन आणि अँड्र्यू मॅकिंटॉश यांनी २००८ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्याचं गणित मांडलं. मान जितकी जास्त अंशांतून आणि जितक्या जलद फिरेल तितका मानेला आणि मेंदूला धोका, असा त्याचा सारांश. प्रत्येक ठोक्याला डोकं हलवण्यापेक्षा एकाआड एक ठोका सोडा, असं त्यांनी अर्धवट थट्टेत सुचवलं, पण सल्ला खरा आहे. स्लेयरचा गायक टॉम अराया याच्यावर २०१० साली मानेची शस्त्रक्रिया झाली आणि त्याला हेडबँगिंग सोडावं लागलं. कार्यक्रमानंतर काही दिवसांनी डोकेदुखी वाढत जात असेल तर अंगावर काढू नका. डॉक्टरकडे जा आणि काय केलं होतं ते न लाजता सांगा. मोटरहेड या बँडच्या कार्यक्रमानंतर मेंदूजवळ रक्त साकळलेल्या एका जर्मन रसिकाची हकिकत २०१४ साली 'लॅन्सेट'मध्ये आली होती. वेळेवर निदान झालं म्हणून तो बरा झाला.

मुलींसाठी, आणि मुलांसाठीही, एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. दाटीचा फायदा घेऊन अंगाला हात लावणारे इथेही असतात. पिटमधली धडक आणि तो हात यांत फरक असतो, आणि तो ज्याला कळायचा त्याला लगेच कळतो. असं झालं तर गप्प राहू नका. बाजूच्यांना सांगा, रक्षकाला सांगा. आणि पोरांनो, एखादी मुलगी असं सांगेल तेव्हा आधी तिला वाट करून द्या, चौकशी नंतर. "पडलेल्याला उचला" या नियमाचा ज्यांना अभिमान आहे, त्यांनी हाही नियम त्याच पंगतीत बसवावा.

पालकांनी काय करावं? जायचंय का यावर वाद घालण्यापेक्षा कसं जायचं यावर बोला. तिकीट कुठलं, जागा कुठली, सोबत कोण, परतीची गाडी कुठली, हे विचारा. उघड्यावरचे कार्यक्रम आवाजाच्या नियमांमुळे बहुधा रात्री दहाला आटोपतात, तेव्हा परतीचा हिशेब जमतो. दारू पिऊन पिटमध्ये शिरू नये, एवढी एक अट जरूर घाला, कारण तोल गेलेला माणूस स्वतः पडतो आणि दुसऱ्यालाही पाडतो. जमलं तर पहिल्या वेळी सोबत जा. मागे उभे राहा, कानात प्लग घाला आणि बघा. मंचावरचा राक्षस खाली उतरल्यावर कसा असतो तेही बघा. मुंबईच्या डेमॉनिक रेझरेक्शन बँडचा साहिल माखिजा मंचावर काळजात धडकी भरेल असा गुरगुरतो आणि यूट्यूबवर 'हेडबँगर्स किचन' या नावाने लोकांना स्वयंपाक शिकवतो.

आयोजकांनाही दोन शब्द. प्यायचं पाणी फुकट आणि हाताशी ठेवा. दारं वेळेवर उघडा, उशीर झाला तर तसं लोकांना सांगा. बाहेर ताटकळलेली, काहीच न कळणारी गर्दी दाराला रेटते. कठड्यामागे माणसं उचलता येतील असे प्रशिक्षित लोक उभे करा. रॉस्किल्डच्या दुर्घटनेनंतर तिथे मंचासमोरची जागा वेगळी आखून तिथे मोजकीच माणसं सोडायला लागले. तिकिटं जास्त विकली की पैसे मिळतात, पण जागा वाढत नाही.

शेवटचं आवाहन सगळ्यांना. हे संगीत समजायचं तर लाखभरांच्या महोत्सवाची वाट बघू नका, लहान गिगपासून सुरुवात करा. मुंबईत धोबी तलावच्या रंगभवनात १९८६ साली इंडिपेंडन्स रॉक सुरू झालं आणि कितीतरी पोरांनी वाढलेला आवाज पहिल्यांदा तिथे ऐकला. पुढे तो परिसर शांतता क्षेत्रात गेला आणि तो उघडा मंच हातचा गेला. तरी १९९८पासून थ्रॅश वाजवणारा सेप्टर, त्यानंतरचे झिग्नेमा आणि भयानक मौत असे बँड मुंबईने दिलेच. असे बँड मुंबई-पुण्यात शंभर-दीडशे माणसांच्या खोलीतही वाजतात, आणि तिथे गर्दीत वागायचं शिक्षण सगळ्यांत चांगलं मिळतं. पुढचा माणूस ओळखीचा होतो, पडलात तर उचलणारा हात दिसतो, नको वाटलं तर चार पावलांत दार गाठता येतं. तिकीट काढून जा, फुकट पासासाठी खटपट करू नका. बँडचा टी-शर्ट आवडला तर विकत घ्या. या पोरांचा पेट्रोलचा खर्च बहुधा त्यातूनच निघतो. कानात प्लग, पायात बूट, डोक्यात दोन दारं, एवढं घेऊन आत शिरा आणि मग पहिला ठोका पडला की मनसोक्त हला.